पिकअपला डिफ-लॉक हवाच का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस तोंडावर आला की फोर-बाय-फोर पिकअपबद्दलची पत्रं वाढतात. यंदा बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे, डिफरन्शिअल लॉककडे (डिफ-लॉक), म्हणजे एका एक्सलची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला बांधणाऱ्या यंत्रणेकडे. म्हणून या अंकातलं सदर सगळं त्यालाच दिलं आहे.

फोर-बाय-फोर पिकअप घ्यायची आहे. काम शेतीचं, शिवाय अधूनमधून सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा आणि जमलं तर स्पिती-लडाख. टोयोटाच्या हायलक्सला मागचा डिफ-लॉक कंपनीकडूनच येतो. सेकंडहँड बघितलेल्या २०१७ च्या इसुझु व्ही-क्रॉसला तो नाही. चारही चाकांना ताकद मिळत असताना लॉक कशाला लागतो? — वाचक, जुन्नर

चारही चाकांना ताकद मिळते हे सगळी चाकं जमिनीवर घट्ट असेपर्यंतच खरं. फोर-बाय-फोरचा गिअर टाकला की ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना बांधते. पण प्रत्येक एक्सलच्या मध्ये जो डिफरन्शिअल असतो, तो तसाच मोकळा राहतो.

हा डिफरन्शिअल मुळात वळणासाठी असतो. दोन मागच्या चाकांत साधारण दीड मीटर अंतर असलेली पिकअप पूर्ण उलटी वळवली, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ ४.७ मीटर जास्त धावतं. २६५/६५ आर१७ टायरच्या हिशेबात हे सुमारे दोन फेरे झाले. ही तफावत डिफरन्शिअलमधले स्पायडर गिअर सामावून घेतात. ते नसते तर डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर घासले असते.

अडचण अशी की मोकळा डिफरन्शिअल दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतो आणि तो किती, हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. समजा मागचं डावं चाक हवेत आहे आणि ते फिरवायला ५० न्यूटन-मीटर पुरतात. मग घट्ट मुरमावर टेकलेल्या उजव्या चाकालाही तेवढेच ५० मिळणार. ऑटोमॅटिक हायलक्सचं इंजिन ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, लो रेंजमध्ये (वेग कमी, जोर जास्त अशा गिअरमध्ये) तो कितीतरी पट वाढतो, पण त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. हवेतलं चाक भिरभिरत राहतं आणि गाडी जागची हलत नाही.

वाटेत तिरका चर आला की हे नेमकं दिसतं. पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक एकाच वेळी खाली सुटतं, दोन्ही एक्सलवर एकेक चाक निकामी होतं. कागदावर फोर-बाय-फोर असलेली गाडी अशी दोन चाकं फिरवत उभी राहते. मागचा लॉक लावला की मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला बांधली जातात आणि टेकलेल्या चाकाकडे त्याची पकड झेपेल तेवढा टॉर्क जातो. एवढं सहसा पुरतं.

पिकअपला हा त्रास एसयूव्हीपेक्षा जास्त का होतो, हेही बघा. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतात, आणि ते पूर्ण भाराचा विचार करून बसवलेले. रिकाम्या गाडीत ते दबतच नाहीत, त्यामुळे चाक खड्ड्यात खाली उतरण्याऐवजी उचललं जातं. त्यात हौदा रिकामा असला की मागच्या एक्सलवर वजनही कमी. म्हणजे ज्या एक्सलला पकड हवी, तोच हलका आणि ताठ.

तुमच्या वापराचा निकाल द्यायचा तर : पाणंद रस्ते, मुरमाच्या वाटा, घाटातले कच्चे तुकडे यांना लॉक लागत नाही. चांगले ऑल-टेरेन टायर आणि लो रेंज पुरे. लेह किंवा स्पितीला जाणाऱ्या नेहमीच्या रस्त्यांनाही नाही. वर्षातून चार-सहा वेळा तुम्ही मुद्दाम चर, दगडी पायऱ्या आणि उखडलेले चढ शोधत जाणार असाल तर मात्र घ्या, आणि मिळत असेल तर कारखान्यातूनच बसून आलेला घ्या. नंतर बसवण्याचा खटाटोप काय असतो ते पुढच्या एका उत्तरात आहे. जुनी व्ही-क्रॉस चांगल्या अवस्थेत, चांगल्या भावात मिळत असेल तर निव्वळ लॉक नाही म्हणून ती सोडू नका.

माझ्या पिकअपला लॉक नाही आणि बसवायचाही नाही. आहे त्यात काय करता येईल? — वाचक, सांगली

पुष्कळ काही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट म्हणजे हवा कमी करणं. रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय ठेवत असाल तर रिकाम्या गाडीसाठी दगडी आणि मुरमाड वाटेला २२ ते २५, कोरड्या वाळूत १५ ते १८. टायर लांबीला जास्त टेकतो, दगडाचा आकार घेतो, आणि चाक उचललं जायचं प्रमाणही कमी होतं. हौद्यात माल असेल तर एवढी कमी करू नका, बाजूची भिंत चेपून फाटते. कमी हवेवर वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या वर नको आणि वाळूत झटकन स्टिअरिंग मारू नका, ट्यूबलेस टायर रिमवरून सुटतो. परत भरायला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि विश्वासाचं गेज जवळ हवं. पेट्रोलपंपावरच्या गेजवर विसंबून १५ पीएसआयचा हिशेब करू नये.

दुसरं, वजन. मागे दीड-दोनशे किलो वाळूची पोती एक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे ठेवा आणि पट्ट्याने आवळून बांधा. शेपटाकडे ठेवलीत तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकणार नाही.

गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर तो वापरण्याची पद्धत शिकून घ्या. ही यंत्रणा रिकामं फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते, त्यामुळे पलीकडच्या चाकाला टॉर्क मिळतो. पण तिला काम करायला आधी चाक फिरलेलं दिसावं लागतं. बहुतेकांची चूक इथेच होते : चाक फिरलं, आतून ब्रेकचा कडकड आवाज आला, की घाबरून पाय काढतात. पाय काढू नका. ॲक्सिलरेटर जागच्या जागी धरून दोन-तीन सेकंद थांबा, गाडी हळूहळू वर चढते. काही गाड्यांत याच यंत्रणेचा दुसरा भाग इंजिनची ताकद कापतो. तसं होत असेल तर स्टॅबिलिटी कंट्रोलचं बटण दाबून तो भाग बंद करा. अनेक मॉडेलांत लो रेंज टाकली की हे आपोआप होतं. लांब, सलग चढावर मात्र ब्रेक तापतात आणि यंत्रणा काही वेळ स्वतःला बंद करून घेते. प्रत्यक्ष लॉक आणि ब्रेकवर चालणारी नक्कल यांत फरक पडतो तो इथे.

ट्रॅक्शन कंट्रोलच नसेल, तर ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय ब्रेकवर हलका ठेवून ॲक्सिलरेटर द्यायचा. फिरणाऱ्या चाकाला थोडा अडथळा झाला की पलीकडच्याला तेवढा जास्त टॉर्क जातो. याने चमत्कार होत नाही, पण एखादी पायरी चढायला पुरतं. हँडब्रेकही मागच्या चाकांवर हेच काम करतो, फक्त दोन खाचा ओढायच्या, आणि नंतर सोडायला विसरायचं नाही.

टू-व्हील-ड्राइव्ह बोलेरो पिकअप आहे. पावसाळ्यात शेतातून भाजीपाला काढताना एक चाक फसतं आणि तेच फिरत बसतं. मागे लॉक बसवला तर ट्रॅक्टरसारखं काम होईल का? — वाचक, निफाड

तुमच्या ट्रॅक्टरच्या उजव्या टाचेजवळ जो छोटा पेडल असतो, तो हेच काम करतो. एक मागचं चाक चिखलात गुरगुरायला लागलं की तो दाबायचा, बाहेर पडलं की सोडायचा. म्हणजे कल्पना बरोबर आहे. पण ट्रॅक्टरला भले मोठे, खोल दात असलेले टायर आहेत आणि वजन मागच्या एक्सलवर आहे. पिकअपच्या रोड टायरला काळ्या मातीत एकदा लेप बसला की दोन्ही चाकं सारखीच घसरतात, आणि लॉक केल्यावर एकाऐवजी दोन चाकं खड्डा खणतात.

एक चाक मुरमावर आणि एक चिखलात अशी स्थिती नेहमी येत असेल तर लॉकचा फायदा नक्की होईल. सगळंच रान ओलं असेल तर नाही. तुम्ही आधी मागे ऑल-टेरेन किंवा मड टायरची जोडी टाका आणि शेताच्या तोंडाशी, जिथे गाडी वळते, तिथे दोन ट्रॉल्या मुरूम टाका. लॉकच्या खर्चाच्या तुलनेत हे किरकोळ आहे. टायर मात्र आरसीवर आणि कंपनीच्या यादीत असलेल्या मापाचेच घ्या.

मेकॅनिकल लॉक, इलेक्ट्रॉनिक लॉक, एलएसडी, एअर लॉकर. नेमका फरक काय? — वाचक, पणजी

एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप. आत क्लचच्या पातळ चकत्या असतात आणि त्या दोन चाकांच्या वेगातली तफावत थोडी रोखून धरतात. ओल्या रस्त्यावर, सैल खडीवर छान. चाक पूर्ण हवेत गेलं की फारसा उपयोग नाही. चकत्या झिजतात, तेल चुकीचं घातलं तर आणखी लवकर. जुन्या गाडीतला एलएसडी बहुधा नावापुरताच उरलेला असतो, तो जिवंत आहे असं समजून सौदा करू नका.

ऑटोमॅटिक मेकॅनिकल लॉक महिंद्राने २०२० च्या थारच्या वरच्या मॉडेलांत दिला, ईटन कंपनीचा. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, खिट्टी अडकते आणि एक्सल लॉक होतो. ताशी तीसेक किलोमीटरच्या वर तो लागत नाही. चालकाला काहीच करावं लागत नाही हा फायदा, आणि तोच तोटाही : चाक आधी फिरायलाच हवं. चाक फिरत असताना एकदम अडकतो म्हणून धक्का बसतो, आणि त्या क्षणी जोरात पाय दिलेला असेल तर शाफ्टवर ताण येतो.

इलेक्ट्रॉनिक लॉक बटणावर चालतो. हायलक्समध्ये हाच आहे. चाक फिरायच्या आधी, चराच्या अलीकडे थांबून लावता येतो, हा त्याचा खरा मोठेपणा. एअर लॉकर तेच काम हवेच्या दाबावर करतो, त्याला छोटा कॉम्प्रेसर लागतो. फोर्स गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉक मिळतात, आपल्याकडच्या गाड्यांत हा दुर्मीळ प्रकार आहे.

गोव्यातून पत्र आलं आहे म्हणून एक जोड. किनाऱ्यावरच्या वाळूत चाचणी घ्यायचा मोह आवरा. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे.

लॉक कधी लावायचा, कधी काढायचा? — वाचक, कोल्हापूर

अडथळा दिसला की गाडी थांबवा. आधी लो रेंज. मग बटण दाबा. मीटरवरचा दिवा लुकलुकत असेल तर लॉक अजून बसलेला नाही, आतले दात समोरासमोर आले आहेत. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी अर्धा-एक मीटर पुढे किंवा मागे घ्या, दिवा स्थिर होतो. मग चाकं सरळ ठेवून, इंजिनला साधारण दीड हजार आरपीएमवर धरून, सलग पुढे जा.

चाक वेगाने फिरत असताना बटण दाबू नका. दात अर्धवट अडकून तुटतात ते असेच.

लॉक लावल्यावर गाडी वळायला नाखूश होते, नाक सरळच जाऊ पाहतं. अरुंद वळणावर तो काढा. आडव्या उतारावर, म्हणजे डावीकडे टेकडी आणि उजवीकडे दरी अशा ओल्या वाटेवर, मागचा लॉक धोक्याचा. मोकळ्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक फिरलं तरी दुसरं जमीन धरून राहतं. लॉकमध्ये दोन्ही एकदम सुटतात आणि शेपूट दरीकडे घसरतं. अनुभवी चालकही इथे फसतात.

अडथळा पार झाला की बटण बंद करा. दिवा लगेच गेला नाही तर बिघाड समजू नका. शाफ्टमध्ये पीळ साठलेला असतो. सरळ रेषेत दोन-तीन मीटर मागे घ्या, सुटतो. डांबरी रस्त्यावर लॉक लावून वळलात तर टायर ओरडतील, आणि टायर ओरडले नाहीत तर आतलं काहीतरी तुटेल.

आणि गाडीचं मॅन्युअल वाचा. काही पिकअपमध्ये मागचा लॉक लावताच पुढच्या चाकांवरचं ट्रॅक्शन कंट्रोलही बंद होतं. तिथे लॉकपेक्षा ट्रॅक्शन कंट्रोल चांगलं ठरेल अशाही जागा असतात. दोन्ही करून बघा.

बाहेरून एअर लॉकर बसवायचा आहे. मेकॅनिक म्हणतो एका दिवसाचं काम. बरोबर? — वाचक, पिंपरी

एका दिवसात होईल असं कोणी म्हणालं की त्याच्याकडे डायल गेज (बारीक फट मोजणारं मापक) आहे का, एवढंच विचारा. नसेल तर गाडी परत आणा.

काम असं असतं. लॉकर मागवण्याआधी एक्सलचा प्रकार, क्राऊनव्हीलचा (डिफरन्शिअलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा) व्यास, हाफ शाफ्टचे (डिफरन्शिअलपासून चाकापर्यंतच्या दांड्याचे) स्प्लाइन म्हणजे खाचा आणि फायनल ड्राइव्हचं गुणोत्तर नक्की करा. एकाच नावाच्या गाडीत मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकला वेगळं गुणोत्तर असू शकतं. मग तेल काढायचं, ड्रम उतरवायचे, एबीएसचे सेन्सर आधी सोडवायचे, हाफ शाफ्ट बाहेर ओढायचे. बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी खूण करायची, त्यांची अदलाबदल चालत नाही. क्राऊनव्हील नव्या लॉकरवर चढवायचं, बोल्ट समोरासमोर आवळत कंपनीच्या टॉर्कवर, लॉकटाइट लावून. बेअरिंग नवीच. जुनी घालून वाचवलेले पैसे पुढे दुप्पट जातात.

खरं कौशल्य पुढे आहे. क्राऊन आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनच्या दातांत किती फट राहते ते शिम (पातळ चकत्या) बदलून ठरवावं लागतं. नेमका आकडा गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो, तो मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्यात मोजायचा असतो. क्राऊनव्हीलवर किमान चार ठिकाणी डायल गेज लावून बघायचं. मग दातांना रंग लावून फिरवायचं आणि ठसा दाताच्या मध्यावर पडतोय का ते पाहायचं. फट जास्त राहिली तर ॲक्सिलरेटर सोडताना टणका ऐकू येतो. कमी राहिली तर ताशी ५०-६० वर शिट्टीसारखा आवाज येतो आणि थोड्याच दिवसांत दात जळतात. अंदाजाने, हाताने हलवून, 'ठीक आहे' म्हणणाऱ्या कारागिराच्या हातचं काम टिकत नाही.

हवेची नळी एक्सलच्या पूर्ण हालचालीला पुरेल एवढी सैल ठेवा, सायलेन्सरपासून लांब. कॉम्प्रेसरला रिले आणि फ्यूज स्वतंत्र. लॉक लावल्यावर कॉम्प्रेसर दर मिनिटाला परत चालू होत असेल तर कुठेतरी गळती आहे. साबणाच्या पाण्याने जोड तपासा. जोड कोरडे असतील आणि ब्रीदरमधून (एक्सलच्या हवा येण्या-जाण्याच्या तोटीतून) तेल उडत असेल तर आतली ओ-रिंग गेली, हवा थेट हाऊसिंगमध्ये शिरते आहे.

तेच ब्रीदर वर काढून घ्या, टेललॅम्पच्या उंचीपर्यंत नळी जोडून. तापलेला एक्सल ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. तेल चहासारखं दुधट दिसलं की समजा आत पाणी गेलं, लगेच बदला. तेल जीएल-५ प्रतीचं, ग्रेड मॅन्युअलप्रमाणे. एलएसडीचं ॲडिटिव्ह लॉकरला लागत नाही. पहिल्या ८०० ते १००० किलोमीटरला तेल काढून ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते बघा. काळपट लेप चालेल, टोचणारे कण आले तर उघडा.

वॉरंटीचं : गाडी वॉरंटीत असेल तर ड्राइव्हलाइनचा दावा गेला असं धरून चाला. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ चा मुद्दा काही जण काढतात. ते कलम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींचा रोख आरसीतल्या तपशिलांशी न जुळणाऱ्या बदलांवर आहे. डिफरन्शिअलच्या आतला भाग आरसीवर नसतो. लॉकरसोबत मोठे टायर आणि लिफ्ट किट घालायचा बेत असेल तर मात्र आधी आरटीओत चौकशी करा.

मागे बसवतोच आहे, तर पुढेही बसवू का? — वाचक, पुणे

नको. चढावर वजन मागे जातं, म्हणून मागचा लॉक जास्त काम करतो. पुढे लॉक लावून स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पाय दिला की सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला वळताना ताकद पोचवणारा सांधा) तुटतो, आणि तोही डोंगरात. तेच पैसे विंच किंवा पुढे-मागे पक्के टो हुक यांत घाला. दगडांवरून चढण्याच्या स्पर्धा खेळणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या डिक्कीत सुटे शाफ्ट असतात.

काळ्या मातीत लॉकचा किती उपयोग? — वाचक, परभणी

फार कमी. रेगड टायरच्या खाचांत भरून चारही चाकं गुळगुळीत करते. तिथे मोकळ्या खाचांचे मड टायर आणि थांबू न देणारी एकसारखी चाल लागते. पोट टेकलं असेल तर लॉक लावून चाकं फिरवत बसू नका, प्रत्येक फेऱ्याला गाडी आणखी खाली बसते. फावडं काढा, चाकांसमोरची आणि मागच्या डिफरन्शिअलच्या भोपळ्यासारख्या फुगीर भागासमोरची माती काढा, फळ्या किंवा तुराट्या घाला आणि मग लॉक लावून निघा.

लॉक किंवा एलएसडी असलेल्या गाडीचं एक मागचं चाक जॅकवर घेऊन गिअरमध्ये फिरवून बघावं का? — वाचक, सातारा

अजिबात नाही. मोकळ्या डिफरन्शिअलमध्ये उचललेलं चाकच फिरतं, म्हणून गॅरेजांत ती सवय पडली आहे. लॉक लागला की खाली टेकलेलं चाकही ओढतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते. फिरवून बघायचंच असेल तर दोन्ही मागची चाकं स्टँडवर घ्या, गिअर टू-व्हीलवरच ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा.